कॅम्परचा वेग आणि डिझेल: वाचवलेला एक तास कितीला पडतो?

आमची कॅम्पर म्हणजे ट्रॅव्हलर मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. मागे आडवा पलंग, बाजूला छोटा ओटा, त्याच्या पोटात १०० लिटरची पाण्याची टाकी, छपरावर एसीचा डबा आणि सोलरच्या दोन पाट्या. पहिल्यांदा समृद्धीवर घातली तेव्हा मी ती कार हाकल्यासारखी हाकली. नागपूर सोडलं, रस्ता मोकळा, पाय जड. शिर्डी यायच्या आतच डिझेलचा काटा लाल रेघेला टेकला. शेजारी बसलेली आमची ही मोबाइलवर काहीतरी आकडेमोड करत होती. मान वर न करता तिने विचारलं, "सव्वा तास आधी पोचू म्हणतोयस ना? मग तो सव्वा तास कितीला पडला, ते सांग."

तेव्हा सांगता आलं नाही. नंतर कागद-पेन घेऊन बसलो, वही घातली, पंपावरच्या पोरांशी हुज्जत घातली आणि उत्तर काढलं. ते तुम्हालाही तुमच्या गाडीसाठी काढता येईल. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही.

आधी गाडी कुणाशी भांडते ते बघा

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना गाडीला दोनच गोष्टी मागे ओढतात: टायर आणि वारा. टायरची ओढ वजनावर ठरते. वेग वाढला म्हणून ती फारशी वाढत नाही. वाऱ्याचं तसं नाही. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो.

कारमध्ये हे फारसं जाणवत नाही, कारण कारचं नाक निमुळतं आणि अंग बुटकं. कॅम्पर म्हणजे लोखंडी कपाटं शेजारीशेजारी उभी करून त्यांना चाकं लावावीत तसा प्रकार. कोकणातल्या पावसात छत्री पुढे धरून सायकल चालवली असेल, तर मी काय म्हणतोय ते पोटऱ्यांना आठवेल.

कागदावरचा हिशोब

माझ्या गाडीसाठी मी हे आकडे धरले. भरलेल्या गाडीचं वजन ४ टन. समोरून दिसणारं क्षेत्रफळ ५ चौरस मीटर. हे काढायला रुंदीला उंचीने गुणा आणि खालची मोकळी जागा वजा करा. वाऱ्याच्या अडथळ्याचा गुणांक ०.५, चौकोनी गाडीला हा बरा अंदाज आहे. टायरची ओढ वजनाच्या १ टक्का. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, त्यातली ३० टक्के चाकांपर्यंत पोचते. बाकीची सायलेन्सर आणि रेडिएटरमधून जाते, तिला नमस्कार.

हे सगळं मांडल्यावर ताशी ६० ला एक गंमत दिसते. तिथे टायरची ओढ आणि वाऱ्याचा रेटा जवळजवळ सारखाच निघतो, दोन्ही ४०० न्यूटनच्या आसपास. त्याच्या खाली टायर मालक, वर वारा मालक. ८० ला वाऱ्याचा रेटा ७०० च्या पुढे जातो आणि १०० ला ११०० च्या. टायर मात्र आपल्या ४०० वरच बसून असतो.

डिझेलमध्ये बोलायचं तर १०० किलोमीटरला ताशी ६० ने ७.३ लिटर, ७० ने ८.७, ८० ने १०.२, ९० ने ११.९ आणि १०० ने १३.९ लिटर. आपल्या नेहमीच्या भाषेत ६० ला लिटरमागे साडेतेराच्या वर, ८० ला दहाच्या जरा खाली आणि १०० ला सातच्या जरा वर. यात एसी धरलेला नाही, ब्रेक नाही, चढ नाही. प्रत्यक्षात आकडे याहून वाईट येतात. शिवाय ताशी ६० ला इंजिनावर ओझं कमी असल्याने ते ३० टक्क्यांची कार्यक्षमता गाठत नाही, म्हणून साडेतेरा हा आकडा जरा फुगलेला समजा. पण या आकड्यांमधलं अंतर बघा. वेग ८० वरून १०० नेला, म्हणजे पाव पटीने वाढवला, आणि डिझेल एकतृतीयांशाहून जास्त वाढलं.

आता तासाची किंमत काढा

नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा, डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेला, ५२० किलोमीटरचा. डिझेल ९० रुपये लिटर धरू.

ताशी ८० ने साडेसहा तास आणि ५३ लिटर. ताशी १०० ने ५ तास १२ मिनिटं आणि ७२ लिटर. म्हणजे १९ लिटर जादा, १७१० रुपये, आणि हातात आली ७८ मिनिटं. एक तास तेराशे रुपयांना पडला. वर आणखी एक गोम: टाकी ७० लिटरची असेल तर ७२ लिटर तिच्यात मावतच नाहीत. वाटेत पंपासाठी थांबावं लागणार, रांग लागणार, पोरं चिप्सची पाकिटं मागणार. ७८ मधली वीस-पंचवीस मिनिटं तिथेच गेली. माझ्या पहिल्या प्रवासात नेमकं हेच झालं होतं.

९० ने गेलात तर ८० च्या तुलनेत ९ लिटर जादा आणि ४३ मिनिटं वाचली. तास ११३० रुपयांना.

आता उलट बाजू. ६० ने गेलात तर ३८ लिटरच लागतात, पण ८ तास ४० मिनिटं मोडतात. ८० च्या तुलनेत १३५० रुपये वाचतात, त्यासाठी २ तास १० मिनिटं द्यावी लागतात. म्हणजे ६० वरून ८० वर जाताना तास सव्वासहाशे रुपयांना मिळतो. हा सौदा मला परवडतो. तेराशेचा नाही परवडत.

हे तुमच्या खिशाचं गणित आहे, माझ्या नाही. दोन दिवसांची सुट्टी घेऊन निघालेल्या माणसाला तेराशेचाही तास स्वस्त वाटेल. निवृत्त जोडप्याला सहाशेचाही महाग. फक्त भाव माहीत असू द्या आणि मग घ्या.

एक मात्र ठामपणे सांगतो. समृद्धीवर डिझेल वाचवायला ६० ने रांगू नका. तिथे हलक्या गाड्यांना १२० ची मर्यादा आहे, आणि मागून १२० ने येणाऱ्याला तुमचं ६० म्हणजे रस्त्यात उभी केलेली भिंत. ट्रकवाले जिथे ७५ ते ८० ने चालतात त्या डाव्या लेनमध्ये, त्यांच्याच वेगाने चला. ट्रकच्या पाठीला चिकटून त्याचा आडोसा घ्यायचा मोह होतो, पण चार टनांची गाडी तेवढ्यात थांबत नाही. तीन सेकंदांचं अंतर हवंच. तुमची स्वतःची वेगमर्यादा आरसीवर गाडी कोणत्या वर्गात नोंदली आहे त्यावर ठरते, ती बघून ठेवा. वेग अडवणारा स्पीड गव्हर्नर ८० वर लावलेला असेल तर वरचा अर्धा वाद आपोआप मिटला.

कागद बाजूला, आता पंपावर

माझे आकडे तुमच्या गाडीला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तुमची चाचणी तुम्हीच घ्या: फुल टँक ते फुल टँक. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या अॅव्हरेजवर माझा भरवसा नाही.

सपाट चौपदरी रस्ता निवडा. मी सोलापूर रोड घेतला, इंदापूरच्या पुढचा टेंभुर्णी-मोहोळचा भाग. सातारा रोडवर खंबाटकी आडवा येतो, तो या कामाला निरुपयोगी. पंपावरून निघा, ५० किलोमीटर जा, वळा आणि त्याच पंपावर परत या. जाऊन-येऊन केल्यामुळे रस्त्याचा उतार-चढ फिटतो आणि पंपही तोच राहतो. एका सकाळी ६५ ने, दुसऱ्या सकाळी ८० ने. पहाटे निघा, कारण तेव्हा वारा पडलेला असतो. वारा वाहता असेल तर जाऊन-येऊनही तो पुरता फिटत नाही. समोरून घेतो तेवढं पाठीवरून परत देत नाही.

पंपावर गेल्यावर मुलगा नेहमीप्रमाणे म्हणेल, "झिरो बघा काका." बघा. मग नॉझल आत जाईल, फेस वर येईल, टक् करून पंप थांबेल. इथे खरी परीक्षा. मुलगा लगेच विचारणार, "राउंड फिगर करू?" नाही म्हणा. त्याला नवल वाटेल, मागचा ट्रकवाला हॉर्न मारेल, तरी नाही म्हणा. तीनशे मिली वरून ढकललं तर १० लिटरच्या मापात ३ टक्क्यांची चूक शिरली. दोन्ही वेळा पहिल्याच टक् ला थांबायचं, गाडी त्याच जागी, त्याच बाजूला तोंड करून उभी असताना. डिझेलला फेस फार येतो, म्हणून नॉझलचा वेगही दोन्ही वेळा तोच ठेवायला सांगा.

स्पीडोमीटरवर विसंबू नका. तो बहुधा जरा फुगवून सांगतो. मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघा, आणि बघायचं काम शेजारच्या माणसाला द्या. ओडोमीटरही एकदा किलोमीटरच्या दगडांशी ताडून घ्या.

माझ्या हिशोबाने ६५ आणि ८० मध्ये १०० किलोमीटरला दोन-सव्वादोन लिटरचा फरक पडायला हवा. तो पंपावरच्या चुकीपेक्षा बराच मोठा आहे, म्हणून एकेका फेरीतही दिसतो. दोन्ही फेऱ्यांना डिझेल हिशोबापेक्षा फारच जास्त लागलं, तर टायरची हवा, ब्रेक चिकटलेत का आणि एअर फिल्टर, या क्रमाने बघा.

समोरचा वारा

हे मला उशिरा कळलं. ताशी २० किलोमीटरचा वारा समोरून असेल आणि तुम्ही ८० ने जात असाल, तर गाडीला लागणारा वारा १०० चा. डिझेल १०० च्या भावाने जाणार, पोचणार मात्र ८० च्या हिशोबाने. दोन्हीकडून तोटा. अशा दिवशी ६५ वर उतरलात तर १०० किलोमीटरला जवळपास तीन लिटर वाचतात.

आपल्याकडे जून ते ऑगस्ट वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे पावसाळ्यात नागपूरहून मुंबईकडे येताना तो तोंडावर आणि जाताना पाठीवर. तोच रस्ता, तीच गाडी, आणि परतीच्या प्रवासाचं अॅव्हरेज पाहून माणूस मेकॅनिककडे धावतो. मीही धावलो होतो. त्याने इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, साफ करून घ्या म्हणून सांगितलं, मी घेतले. इंजेक्टरचा काही दोष नव्हता.

वारा आडवा असेल तर डिझेलपेक्षा जिवाचं बघा. उंच भरावावर किंवा पुलावर कॅम्पर लेनमधून सरकते. तिथे वेग कमी करायचाच.

प्रत्येक ब्रेक म्हणजे एक कटिंग

चार टनांची गाडी ८० वर न्यायला साधारण ९० मिली डिझेल लागतं, एका कटिंग चहाएवढं. ब्रेक दाबून थांबलात की ते कटिंग ब्रेकच्या पाट्यांवर ओतलं. पुन्हा ८० वर न्यायला दुसरं. ६० वरून थांबलात तर ५० मिली.

मुंबई-गोवा रस्त्यावर खड्डे, डायव्हर्जन, गावागावांतले स्पीडब्रेकर. तिथे ६० चं उत्तम की ७० चं, हा वादच गैरलागू. तिथे एकच कसब चालतं, लांबचं बघून पाय उचलणं. पुढे स्पीडब्रेकर दिसला, गर्दी दिसली, टोलनाका दिसला की चार-पाचशे मीटर आधीच अॅक्सिलरेटर सोडा, गाडी गियरमध्येच राहू द्या. आजच्या डिझेल इंजिनात गियरमध्ये पाय उचलला की डिझेल पूर्ण बंद होतं. न्यूट्रल केलंत तर इंजिन चालू ठेवायला उलट थोडं जळत राहतं. न्यूट्रलने डिझेल वाचतं, ही जुन्या काळची समजूत अजून मरत नाही.

घाट

खोपोलीहून लोणावळ्याला गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर चढते. चार टन एवढे उचलायला दोन लिटर डिझेल लागतं, हळू चढा की भरभर. घाटात वेगाचा प्रश्न उरत नाही, गियरचा उरतो. ट्रॅव्हलरच्या २.६ लिटर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, १४०० ते २२०० आरपीएमच्या दरम्यान भरलेला असतो, काटा तिथे राहील असा गियर ठेवा. वरच्या गियरमध्ये इंजिनाला कण्हत ठेवण्यात बचत नाही. उतरताना ज्या गियरने चढलात त्याच्याच आसपास राहा. न्यूट्रल इथे तर नकोच, ब्रेक तापून निकामी झाले तर डिझेलचा हिशोब कुणी विचारणार नाही.

एसी, छप्पर, पाणी, हवा

एसीचा खर्च किलोमीटरवर नाही, तासावर चालतो. कॉम्प्रेसर ३ किलोवॅट खात असेल तर तासाला पाऊण ते एक लिटर. ८० च्या वेगाने १०० किलोमीटरला त्याचा एक-सव्वा लिटर पडतो, ४० ने रखडलात तर दुप्पट. त्यामुळे मे महिन्यात विदर्भात जितकं हळू तितकं स्वस्त, हे खरं राहत नाही. वारा वाचवलेलं एसी खातो. पीसीआरए, म्हणजे पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन, वर्षानुवर्षं ताशी ४५ ते ५५ चा वेग सांगत आलीय. कारला आणि बिनएसीच्या प्रवासाला ते ठीक, पण समृद्धी सोडून इतर रस्त्यांवर एसी लावलेली कॅम्पर मी टॉप गियरमध्ये ६० ते ७० वर ठेवतो.

छपरावरचा एसीचा डबा मीटरभर रुंद आणि वीतभर उंच असेल तर समोरचं क्षेत्रफळ ५ टक्क्यांनी वाढलं, ८० ला डिझेल जवळपास ३ टक्क्यांनी. बसवलेला डबा काढणार नाही कुणी. पण वर बांधलेल्या खुर्च्या आणि फडफडणारी ताडपत्री आत घ्या, छताच्या व्हेंटचं झाकण लावलंय का बघा.

पाण्याची टाकी रिकामी करून निघा, असा सल्ला सगळे देतात. १०० लिटर पाण्याने सपाट रस्त्यावर १०० किलोमीटरला जेमतेम ९० मिली डिझेल जादा जातं, परत एक कटिंग. त्यासाठी वाटेत पाण्यावाचून हाल करून घेऊ नका.

टायरची हवा मात्र निघण्याआधी, टायर थंड असताना, दरवाजाच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्याएवढी. समृद्धीच्या काँक्रीटवर कमी हवेचे टायर तापतात. तिथे डिझेल ही दुय्यम बाब आहे.

अमेरिकेतल्या भाच्याचा फोन

माझा भाचा ओहायोत असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने २८ फुटी मोटरहोम भाड्याने घेऊन यलोस्टोन केलं. वायोमिंगमधून फोन: "मामा, गॅलनला आठ मैल देतेय!" म्हणजे लिटरमागे साडेतीन किलोमीटरसुद्धा नाही. कितीने चालवतोयस विचारलं, तर ७५ मैल, म्हणजे ताशी १२०. पेट्रोलचं इंजिन, आमच्यापेक्षा कितीतरी मोठं अंग, वर समोरून माळरानाचा वारा. त्याला म्हटलं, ६० मैलांवर ये आणि पुढची टाकी मोज. त्याच अमेरिकेने १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७४ मध्ये देशभर ५५ मैलांची मर्यादा घातली होती, ती पूर्ण उठायला १९९५ उजाडलं. भाड्याच्या मोटरहोमवाल्यांनी तीच ५५-६० ची मर्यादा स्वतःपुरती परत लावून घ्यावी. गाडी भाड्याची असली तरी पेट्रोल तुमचंच असतं.

वहीत काय लिहायचं

दर फुल टँकला एक ओळ: तारीख, ओडोमीटर, लिटर, रस्ता, बहुतेक वेळ किती वेग होता, वारा कुठून होता, एसी किती तास चालला. वाऱ्याचा रकाना सोडू नका, इंजेक्टरचे पैसे वाचतील. आमच्याकडे वही ही ठेवते. शेवटचा रकाना तिने स्वतः आखलाय, "तास कितीला पडला". गेल्या दिवाळीत नागपूरहून येताना मी जालन्याच्या पुढे जरा पाय दाबला, तर तिने काही न बोलता पेनाचं टोपण काढलं.